क्रमाने ऐक

६ फेब्रुवारी

बारक्या,

आशीर्वाद नंतर. आधी हे पत्र वाचणारा तूच आहेस याची खात्री पटू दे.

परवा दुपारी तुझ्या नंबरवरून मेसेज आला. तीन वर्षांतला पहिला. पाच पॉडकास्टची नावं, प्रत्येकापुढे एकेका भागाची लिंक आणि खाली एवढंच: ‘ताई, हे ऐक. क्रमाने ऐक.’ कशी आहेस नाही, मी बरा आहे नाही. पाचही पैशांबद्दलचे. घरखर्च, व्याजदर, घराचे व्यवहार, अर्थव्यवस्था. ज्या मुलाने पहिला पगार दुर्बिणीवर उडवला आणि मग महिनाभर माझ्याकडे जेवला, तो आता मला पैशांचं शहाणपण शिकवणार. मी मेसेज दोनदा वाचला आणि फोन पालथा ठेवला.

माझं काम तू विसरला नसशील. अजून तिथेच आहे, विम्याच्या दाव्यांची तपासणी. दुकान जळालं, गोदामात पाणी शिरलं की मालक भरपाई मागतो आणि ती मागणी खरी की रचलेली हे बघायला मला पाठवतात. या कामाने एक सवय लावली आहे. समोर आलेल्या कागदावर काय लिहिलंय ते मी शेवटी वाचते. आधी बघते, हा दिला कोणी, आत्ताच का दिला, आणि देऊन त्याला काय मिळणार. तुझा मेसेजही मी तसाच समोर ठेवला आहे.

कुणीतरी तुझा फोन चोरला असेल आणि लिंकवर बोट ठेवलं की माझं खातं साफ होणार असेल. म्हणून लिंकला मी हातही लावलेला नाही. किंवा तू चष्म्याच्या दुकानातली नोकरी सोडून कुठल्यातरी कंपनीसाठी गिऱ्हाइकं गोळा करतोस आणि बहिणीपासून सुरुवात केलीस. किंवा मेसेज खरंच तुझा आहे आणि तुला माझ्याकडून काहीतरी हवंय. तिन्हींपैकी कुठलंही असलं तरी फोनवर बोलण्यात अर्थ नाही. फोनवर माणूस बोलून जातो आणि मग मी असं म्हणालोच नव्हतो म्हणतो. म्हणून हे पत्र, कागदावर, तुझ्या जुन्या पत्त्यावर.

तू तूच असशील तर एका प्रश्नाचं उत्तर पाठव. लहानपणी तुझा हात भाजला होता. खरं काय झालं ते नको. आपण दोघांनी आईला खोटं काय सांगितलं, ते लिही.

ताई


१५ फेब्रुवारी

बारक्या,

उत्तर मिळालं. ‘मांजराने इस्त्री पाडली.’ बरोबर. आपल्याकडे मांजर नव्हतं हे आईला माहीत होतं, तरी तिने ते ऐकून घेतलं आणि आपल्याला वाटलं आपण जिंकलो. म्हणजे तू तूच आहेस. पण उत्तरापुढे एक शब्दही जास्त नाही, हेही मी टिपून ठेवलं.

पहिले दोन ऐकले. नावं स्वतः शोधून ऐकले, तुझ्या लिंकवरून नाही. जाता-येता ऐकते, कानात घालायचे ते छोटे हेडफोन लावून. मास्तरांनी आणून दिले. हो, तुझे दाजी अजून माझ्यासाठी वस्तू आणतात, आणि ड्रायव्हिंग स्कूलही जोरात चाललंय. त्यांचा स्वभाव तू पाहिलेला आहेस. शिकणाऱ्याने गाडी भिंतीला लावली तरी ते म्हणतात, छान, आता रिव्हर्स. महिनाभर असा माणूस शेजारी बसला की लोक गाडीबरोबर घरातल्या गोष्टीही त्याच्या हवाली करतात. 

तर ‘महिनाअखेर’. दोन मैत्रिणी, एक बँकेतून निवृत्त झालेली आणि दुसरी चित्रकलेची शिक्षिका. शिक्षिका फार हसते, पण तीच जास्त शहाणी आहे. त्यांचं म्हणणं, नवरा-बायकोने वर्षातून एकदा तरी शेजारी बसून सगळी खाती उघडावीत. लपवायचं काही नसेल तर दाखवायला काय हरकत आहे. मला प्रश्न पडला तो वेगळाच. हा भाग तू मला का ऐकवतोस? तुझं लग्न झालं की मोडलं?

आमच्याकडे अशी खाती उघडत नाहीत. लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी मी मास्तरांना एका पेट्रोलच्या पावतीवरून इतकं उलटंसुलटं विचारलं की ते हसत म्हणाले, दारात चपला काढतेस तसा तो संशयही तिथेच काढून ठेवत जा. तेव्हापासून आमचा नियमच झाला. दिवसभर मी सगळ्या जगावर संशय घेते, निदान घरी तरी डोक्याला विश्रांती मिळते. ते कधीकधी मला इन्स्पेक्टर म्हणतात, ते लाडाने.

दुसरा, ‘चढउतार’. त्यातले प्राध्यापक प्रत्येक शब्द चावून बोलतात. बँकांचं व्याज उतरलं की निवृत्त माणसं, एकट्या बायका, छोटे दुकानदार जास्त देणाऱ्याच्या मागे कसे धावतात, हे त्यांनी तासभर समजावलं. पहिले काही महिने व्याज म्हणून जे हातात पडतं ते बहुतेक वेळा आपलेच पैसे असतात, असं म्हणाले. बोलतात चांगलं. पण मी पुन्हा माझ्याच प्रश्नावर. हा मुलगा मला व्याजाबद्दल का ऐकवतोय? कर्ज झालंय का त्याला?

चहा घेताना मास्तरांना सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि एकच शब्द उच्चारला, फ्लॅट. मग माझा चेहरा पाहून सावकाश समजावलं की तीन वर्षांनी उगवलेला माणूस रिकाम्या हाताने परत जायला येत नाही, आधी ओळख वाढवेल, मग हिस्सा काढेल. आणि नातेवाइकांना आपलं चांगलं झालेलं बघवत नाही, हेही म्हणाले.

मला ते पटलं. वाईट वाटून घेऊ नकोस, पण पटलं. आईच्या फ्लॅटचं मृत्युपत्र वाचलं तेव्हा तूच म्हणालास, तू तिचं सगळं केलंस ताई, तुझ्याच नावावर योग्य आहे. आणि वर्ष व्हायच्या आत स्कूलच्या ऑफिसात जाऊन टेबलावर हात आपटून पैसे मागितलेस. मी तिथे नव्हते, पण मास्तरांनी घरी येऊन सांगितलं की तू फ्लॅटमधला हिस्सा मागतोस. मी तुला लिहिलं की एक वीटसुद्धा मिळणार नाही. तू साधं उत्तरही दिलं नाहीस. ज्याच्याकडे सांगण्यासारखं असतं तो गप्प बसत नाही, असं मी तेव्हा म्हणाले आणि अजूनही मला तसंच वाटतं.

ताई


२६ फेब्रुवारी

बारक्या,

तिसरा ऐकला आणि ताकास तूर न लागू देता तू कुठे चालला आहेस ते कळलं.

‘घर आणि कागद’. वकील बाई आहे, आवाज असा की आपणच काहीतरी केलंय असं वाटावं. तू निवडलेला भाग कुठला? वारशाने मिळालेलं घर तारण ठेवण्याआधी काय बघावं. कर्ज कुणाच्या नावावर, पैसा कुणाच्या खात्यात, आणि फेडता आलं नाही तर रस्त्यावर कोण. बाई म्हणाली, घर तुमचं, सही तुमची आणि पैसा तिसरीकडे, अशी गोष्ट दिसली की पेन खाली ठेवा.

आम्ही फ्लॅट तारण ठेवतोय हे तुला कुणी सांगितलं? मी कुणालाही सांगितलेलं नाही. मास्तरांना स्कूलसाठी दोन नव्या गाड्या घ्यायच्या आहेत, जुन्या दोन्हींचा खुळखुळा झालाय. आठ मार्चला, शुक्रवारी, कर्ज देणाऱ्या कंपनीत सही करायची आहे. नेमका याच सुमारास तुझा मेसेज येतो. मी योगायोगावर विश्वास ठेवत नाही, त्याबद्दल मला पगार मिळतो. तू माझ्यावर पाळत ठेवतोस का? त्या फ्लॅटमध्ये आता भाडेकरू आहेत, त्यांच्याशी बोललास का? मी त्यांना जाऊन विचारलं. ते नाही म्हणाले, पण नाही म्हणताना एकमेकांकडे बघितलं त्यांनी.

खरं सांगू, आजकाल सगळेच माझ्याकडे वेगळं बघतात असं वाटतं. खालच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई, आईचे ब्लाउज शिवायची ती, जिन्यात भेटली की पूर्वी कपड्यांवर बोलायची. आता विचारते, मास्तर कधी भेटतील. दोनदा विचारलं. मी म्हटलं गाडी शिकताय की काय या वयात, तर हसली नाही. मास्तरांना सांगितलं तर म्हणाले तिला लायसन्सची घाई आहे.

चौथा मी सोडला. ‘विश्वासाने दिले’, फसवणूक झालेल्या माणसांच्या मुलाखती. अरे, फसवणूक मी रोज सकाळी दहा ते सहा बघते. स्वतःच्या दुकानाला स्वतः काडी लावून माझ्यासमोर ढसाढसा रडणारी माणसं बघितली आहेत मी. मला त्यात नवं काय सांगणार? स्वयंपाक्याला कुणी पोळ्या लाटायला शिकवत नाही.

पाचवा मात्र आवडला, खोटं कशाला बोलू. ‘आठवड्याची मंडई’. भाजीपासून तेलापर्यंत भाव का वाढतात ते तो माणूस गप्पा मारल्यासारखं सांगतो. मी त्याचे जुने भागही ऐकायला लागले. एकदा मास्तरांबरोबर गाडीत जाताना ‘महिनाअखेर’चा नवा भाग मोठ्याने लावला, तर त्यांनी दोन मिनिटांत बंद केला. म्हणाले, गाडीत एक इन्स्पेक्टर पुरे. मीही हसले.

तर आता सरळ विचारते. तुला काय हवंय? हिस्सा हवा असेल तर तसं लिही. पॉडकास्टच्या आडून खडे टाकू नकोस. आणि आठ तारखेच्या आत लिही.

ताई


५ मार्च

बारक्या,

तुझा मेसेज आला. ‘चौथं ऐकलंस का?’ तीन पानांच्या पत्राला तीन शब्द. मी इतकी चिडले की तुला खोटं पाडायचं म्हणून ऐकायला घेतलं.

कागदाच्या गोदामात होते. छतातून पाणी गळून रिळं भिजल्याचा दावा होता. मालक किल्ली आणायला गेला, म्हणून मी जिन्यात बसून हेडफोन लावले. भिजलेल्या कागदाचा वास येत होता. विचारणारी बाई म्हणाली, आजचे पाहुणे नाव सांगणार नाहीत, त्यांचा आवाज आम्ही बदलला आहे. मग एक जाडा, विहिरीतून आल्यासारखा आवाज बोलू लागला. मी आपली सवयीने ऐकत होते, हा कुठे अडखळतो, कुठे फुगवून सांगतो. तो म्हणाला, आई गेल्यानंतर थोडी शिल्लक होती, ती एका नातेवाइकाला दिली. दर महिन्याला ठरलेली रक्कम मिळायची, आठ महिने मिळाली, मग थांबली. मागायला गेलो तर तो म्हणाला, थोडं थांब. पुन्हा गेलो तर म्हणाला, कसले पैसे?

मग बाईने विचारलं की असं कुणाला न विचारता दिले तरी कसे. पाहुणा म्हणाला, “तुम्ही म्हणाल मांजराने इस्त्री पाडली, पण मी खरंच विचारलं होतं.”

ती बाई गोंधळली असावी, तिने तो धागा सोडून दिला. मी जिन्यातच उभी राहिले. आवाज किती का बदलेना, जगात हे वाक्य दोनच माणसांना माहीत आहे.

मग तू पुढचं बोललास. “माझ्या बहिणीचं कामच खोटं पकडायचं. मी विचारलं तेव्हा दाजी म्हणाले, ताईने सगळं तपासलंय, तिने हो म्हटल्यावरच मी यात पडलो. तिच्या नावावर मी दिले. पैसे बुडाल्यावर तिचं पत्र आलं, एक वीटसुद्धा मिळणार नाही म्हणून. मी तर वीट मागितलीच नव्हती. तेव्हापासून मला एकच गोष्ट कळत नाही. तिला माहीत होतं का?”

बारक्या, मालक किल्ली घेऊन आला आणि मी त्याला दावा उद्या बघू म्हणून निघाले. एवढ्या वर्षांत असं कधी केलं नव्हतं.

पण मी मीच. रस्त्यात माझ्या डोक्यात आलं, हे खोटं कशावरून नाही? नवरा-बायकोत फूट पाडून सही थांबवायची, मग फ्लॅट मोकळा. तुझ्या कथेत सगळं बसतं आणि फार नीट बसलेल्या कथेवर मी विश्वास ठेवत नाही. आता हे लिहितानाही लाज वाटते, पण खरंच असं वाटलं, आणि ते खरं ठरावं असंही वाटलं. भाऊ लबाड निघाला असता तर मला माझं घर तरी उरलं असतं.

म्हणून तपासलं. शिवणाऱ्या बाईंकडे गेले. त्या मशीनवर होत्या, पायाखाली चिंध्यांचा ढीग. मी विचारलं, मास्तरांशी काय काम आहे तुमचं? त्या आधी मशीन थांबवेनात. मग म्हणाल्या, तुम्हाला माहीतच आहे ना सगळं. मी म्हटलं, माहीत नाही असं समजून सांगा.

नवरा गेल्यावर जे हातात आलं ते त्यांनी मास्तरांना दिलं आहे, मागच्या वर्षी. महिन्याच्या महिन्याला पाकीट यायचं. दोन महिने आलेलं नाही. मास्तर म्हणाले आहेत, शुक्रवारनंतर सगळ्यांना मिळेल. सगळ्यांना म्हणजे किती जण ते त्यांना ठाऊक नाही, पण त्यांनी स्वतःच धाकटी बहीण आणि लॉन्ड्रीवाला यांना मास्तरांकडे नेलं होतं. मी विचारलं, एवढा विश्वास कसा ठेवलात? तर त्या माझ्याकडे असं बघत राहिल्या की मीच काहीतरी विसरले आहे.

“तुमच्याकडे बघून दिले,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला कोणी फसवू शकत नाही, असं मास्तर सांगायचे. तुम्ही तपासलंय म्हणाले.”

मला बसायला त्यांनी स्टूल दिलं. पाणी दिलं. त्यांचे पैसे गेलेले आणि पाणी त्या मला देत होत्या.

मी ‘महिनाअखेर’ ऐकला, ‘चढउतार’ ऐकला, वकील बाई ऐकली. पेन खाली ठेवा असं ती माझ्या कानात म्हणाली. आणि मी प्रत्येक वेळी एवढंच शोधत बसले की हे पाठवणाऱ्याला काय हवंय. त्यांनी काय सांगितलं ते ऐकलंच नाही. तू क्रम लावून दिलास आणि मी नेमकं तेच पान सोडलं जिथे तू होतास.

मास्तरांशी अजून बोललेले नाही. कालही त्यांनी चहा केला. माझ्या हातात कप दिला आणि मी तो कसा देतात, कुठे बघतात ते बघत होते. चपलांपाशी काही ठेवायचं राहिलेलं नाही आता. तेही ओळखतील लवकरच, नाहीतर ओळखलंही असेल.

शुक्रवारनंतर लिहिते.

ताई


९ मार्च

बारक्या,

काल सही करायला गेलो. म्हणजे निघालो. स्कूलचीच गाडी, मी चालवायला बसले आणि मास्तर शेजारी, शिकवणाऱ्याच्या जागेवर. कर्ज देणाऱ्या कंपनीच्या खाली गाडी लावली आणि मी उतरलेच नाही. इंजिन बंद केलं आणि विचारलं, मी काय काय तपासलंय ते मला एकदा सांगा.

मला वाटलं होतं ते आवाज चढवतील किंवा रडतील. दाव्यांमध्ये या दोन गोष्टी नेहमी होतात. त्यांनी आधी पट्टा काढला, मग पुन्हा लावला. मग नेहमीच्याच आवाजात सांगू लागले. वरचा माणूस, ज्याला सगळे साहेब म्हणतात, तो आधी खरोखर देत होता. त्यांचे स्वतःचेही त्यात आहेत. तुझे पैसे अडकले तेव्हाच त्यांना कळलं होतं की काहीतरी बिघडलंय. पण तुला परत द्यायला नव्या माणसाचे लागणार होते आणि नव्याला द्यायला आणखी नव्याचे. तुला द्यायचेच राहिले, कारण तू घरातला, तू थांबशील असं त्यांना वाटलं. आणि तू थांबेनास तेव्हा मला फ्लॅटची गोष्ट सांगितली. हे त्यांनी अगदी सरळ सांगितलं. मला वाटलं, इतकी वर्षं ते कुणी विचारायची वाटच बघत होते की काय. ही दया त्यांच्यावर मी आत्ता का करते आहे, मला माहीत नाही.

मी विचारलं, माझं नाव का घेतलंत? ते समोरच्या काचेतून बघत म्हणाले, “तुझ्या नावावर लोक लगेच देतात. माझ्या नावावर विचार करून सांगतो म्हणायचे.”

मग खरी गोष्ट काढली. फ्लॅटवरचं कर्ज नव्या गाड्यांसाठी नव्हतंच. त्यातून शिवणाऱ्या बाईंचे देऊ, लॉन्ड्रीवाल्याचे देऊ, तुझेही देऊ, उरलेले साहेबाकडे लावून सगळ्यांचे सुटतील. एक सही, म्हणाले, आणि कुणालाच काही कळणार नाही. नाही केलीस तर उद्या सगळे दारात येतील आणि ते माझं नाव घेणार नाहीत, तुझं घेतील. तुझी नोकरी जाईल. दावे तपासणारी बाई स्वतःच्या नवऱ्याच्या धंद्याची हमीदार निघाली, असं बोलतील. हे धमकीसारखं नाही म्हणाले. काळजीने म्हणाले. तेच मला जास्त भीतीदायक वाटलं.

खोटं नाही सांगत, क्षणभर माझा हात दाराकडे गेला. त्या बाईंनी दिलेलं पाणी आठवलं. आईचा फ्लॅट जाऊन त्यांचे परत मिळणार असतील तर जाऊ दे, असं वाटलं. पण ‘उरलेले साहेबाकडे’ हे शब्द कानात राहिले. त्या प्राध्यापकांचं सगळं व्याख्यान मी तीन आठवड्यांनी त्या गाडीत बसून ऐकलं. माझ्या सहीने बाईंना पाकिटं मिळाली असती, ती बघून त्यांनी आणखी चार जणांना आणलं असतं, आणि तेही माझ्याच नावावर.

मी गाडी चालू केली आणि वळवली. त्यांच्या पायाखाली त्यांचा ब्रेक असतो, तुला माहीत आहे, शिकवणाऱ्यासाठी असतो तो. मला वाटलं ते दाबतील. त्यांनी दाबला नाही. चौकात मात्र सवयीने म्हणाले, आरसा बघ. घरासमोर उतरून ते चालत कुठेतरी गेले आणि सकाळी परत आले. आता आतल्या खोलीत आहेत. आम्ही एकमेकांशी बोलत नाही, पण त्यांनी साहेबाचं खरं नाव आणि ज्यांचे ज्यांचे घेतले त्या सगळ्यांची नावं मला सांगितली. मी मागितली म्हणून. का सांगितली ते मला कळत नाही आणि मी ते चांगुलपणात धरत नाही.

आज सकाळपासून मी दारोदार फिरते आहे. प्रत्येकाकडे एकच वाक्य सांगते, मी काहीही तपासलं नव्हतं. लॉन्ड्रीवाल्याने ऐकून दार लावून घेतलं. एका निवृत्त गृहस्थांना ऐकू कमी येतं, त्यांच्या सुनेने मोठ्याने तेच वाक्य त्यांना पुन्हा सांगितलं, आणि माझं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मला पहिल्यांदा रडू आलं. शिवणाऱ्या बाईंनी मशीन बंद करून ऐकलं. त्या माझ्याबरोबर पोलीस चौकीत येणार आहेत, सोमवारी. ऑफिसात मी तक्रारीच्या आधीच साहेबांना, म्हणजे माझ्या खऱ्या साहेबांना, सांगणार आहे. नोकरी राहील असं वाटत नाही.

तू तीन वर्षं का बोलला नाहीस हे मला आता कळतं. तुला वाटत होतं मीही त्यात आहे. आणि पॉडकास्ट पाठवलेस ते मला शहाणं करायला नाही, मला माहीत होतं का ते बघायला. माहीत असतं तर मी गप्प बसले असते किंवा तुझ्या तोंडावर काहीतरी फेकलं असतं. माहीत नसतं तर सही थांबवली असती. खडा टाकून बघायला तू माझ्याकडूनच शिकलास. आईच्या पोटी दोघंही सारखेच संशयी निपजलो.

फ्लॅटच्या तारणाचं तुला कसं कळलं, ते विचारत नाही. भाडेकरूंनी एकमेकांकडे का बघितलं तेही समजलं; कर्जासाठी फ्लॅट बघायला माणूस आला, हे त्यांनीच तुला कळवलं असणार.

तू सगळ्या जगासमोर तो प्रश्न विचारलास, बदललेल्या आवाजात. माझं उत्तर मी माझ्याच आवाजात देते. बारक्या, मला माहीत नव्हतं.

पण हे माझ्या शब्दावर धरू नकोस. माझ्या शब्दावर इतकी माणसं बुडाली. मी माझी सगळी खाती, फ्लॅटचे कागद, फोन, सगळं काढून टेबलावर ठेवते. पुढच्या शनिवारी ये, नाही जमलं तर मी तिकडे घेऊन येते. समोर बस आणि एकेक उघडून बघ. मी मध्ये बोलणार नाही. आणि बघून झाल्यावर तुला जे दिसेल ते माझ्या तोंडावर सांग.

ताई